पाणी नेमकं कशामुळे वाजतं? टपटप, सूंसूं, गुडगुड आणि पाइपातला ठोका

चौकस

पाण्याचे काही आवाज रोज कानावर पडतात, पण त्यांचं कारण विचारलं तर चटकन सांगता येत नाही. एकाच धाग्यात टाकतो.

१. गळक्या नळाखाली भरलेली बादली असेल तर थेंबाचा ‘टुळुक’ असा गोल, सुरेल आवाज येतो. तोच थेंब कोरड्या फरशीवर पडला तर नुसतं ‘पट’. थेंब तोच, मग सूर कुठून येतो?

२. पाणी तापायला ठेवलं की आधी सूंसूं सुरू होते, वाढत जाते आणि आधण यायच्या जरा आधी एकदम मंदावते. उकळताना आवाज जास्त यायला हवा ना?

३. बाटली भरताना आवाज चढत जातो. पण भरलेला पेला चमच्यानं वाजवला तर रिकाम्यापेक्षा खालचा सूर देतो. हे उलट कसं?

४. नळ झटकन बंद केला की भिंतीतून ‘धप्प’.

‘पृष्ठताणामुळे’ असं एका शब्दाचं उत्तर नको. काय घडतं ते सांगा आणि घरच्या घरी पडताळायचं कसं तेही.

बुडबुडा

पहिल्याचं घेतो. थेंब पाण्यावर आपटल्याचा तो आवाज नाहीच. आपटण्याचा आवाज इतका क्षीण असतो की कानाला जवळजवळ लागत नाही.

क्रम असा. थेंब पडतो, पाण्याच्या पृष्ठभागावर वाटीसारखा खळगा तयार होतो. आजूबाजूचं पाणी तो खळगा भरून काढायला आत धावतं. खळगा मिटता मिटता त्याच्या तळाशी हवेचा एक बारीक बुडबुडा तुटून पाण्यात अडकतो. हा बुडबुडा आक्रसतो, फुगतो, पुन्हा आक्रसतो, सेकंदाला हजारो वेळा. ‘टुळुक’ म्हणजे त्याचा सूर. आपटणं, खळगा होणं, पाणी वर उसळणं, हे सगळं डोळ्यांना दिसतं पण जवळपास मुकं असतं. आवाज करतो तो न दिसणारा बुडबुडा.

मार्सेल मिनार्ट या डच खगोलशास्त्रज्ञानं १९३३ साली बुडबुड्याच्या सुराचं गणित मांडलं. साध्या पाण्यात, पृष्ठभागाजवळ, ते तोंडपाठ ठेवण्याइतकं सोपं आहे: बुडबुड्याची त्रिज्या मिलिमीटरमध्ये घ्या आणि ३,२६० ला तिनं भागा, म्हणजे वारंवारता हर्ट्झमध्ये मिळते. १ मिमी त्रिज्येचा बुडबुडा साधारण ३,२६० हर्ट्झला वाजतो, ३ मिमीचा १,१०० च्या आसपास. मोठा बुडबुडा, खालचा सूर.

पण पाण्याखालचा आवाज बाहेर हवेत एवढा स्पष्ट कसा येतो, हा प्रश्न उरला होता. पाण्यातून हवेत ध्वनी फार थोडा निसटतो. केंब्रिजच्या अनुराग अग्रवाल आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये अतिवेगवान कॅमेरा, हवेतला मायक्रोफोन आणि पाण्याखालचा हायड्रोफोन एकत्र लावून दाखवलं की अडकलेला बुडबुडा खळग्याच्या तळाचा पृष्ठभागच थरथरवतो. तो पृष्ठभाग ध्वनिवर्धकाच्या पडद्याचं काम करतो आणि हवेला थेट हलवतो.

पडताळणी:

बादलीत निदान चार-पाच सेंटीमीटर पाणी हवं. त्याहून फार उथळ असेल तर खळग्याला तळ लागतो, बुडबुडा सुटत नाही आणि तुमचं फरशीवरचं ‘पट’ ऐकू येतं. आता नळाखाली बादली वर-खाली करून बघा. एका ठरावीक उंचीच्या पट्ट्यात जवळजवळ प्रत्येक थेंब वाजेल, त्याच्या थोडं वर किंवा खाली गेलं की काही वाजतील, काही मुके जातील. थेंबाचा आकार आणि वेग यांची जोडी जुळली तरच खळगा नेमका हवा तसा मिटतो.

मग भांडी घासायच्या द्रव साबणाचे दोन-तीन थेंब त्या पाण्यात टाका आणि हलकेच ढवळा. टुळुक बंद. पृष्ठताण कमी झाला, खळगा वेगळ्या तऱ्हेनं मिटला, बुडबुडा अडकलाच नाही. रात्री झोपमोड होत असेल तर हा तात्पुरता उपाय आहे. साबण नको असेल तर नळाच्या तोंडाला दोरा बांधून त्याचं टोक पाण्यात सोडा, पाणी दोऱ्यावरून ओघळत उतरतं.

जाता जाता: पावसाचंही असंच आहे. ०.८ ते १.१ मिमी व्यासाचे बारीक थेंब पाण्यावर पडले की प्रत्येक थेंब हमखास बुडबुडा सोडतो आणि पाण्याखाली १४ किलोहर्ट्झच्या आसपास एक ठळक सूर उमटतो. त्याहून थोडे मोठे थेंब मात्र याबाबतीत गप्प असतात. म्हणून समुद्रात हायड्रोफोन सोडून वर पाऊस पडतोय का, आणि कसा, हे ऐकून ओळखता येतं.

आधण

दुसऱ्याचं उत्तरही बुडबुड्यांतच आहे, फक्त इथे ते जन्मताना नाही, मरताना ओरडतात.

काचेचं, उष्णता सोसणारं भांडं घ्या, म्हणजे आत काय चाललंय ते दिसेल. तापमापी असेल तर उत्तम. साधारण ५०-६० अंशांपर्यंत तळाला आणि कडांना बारीक बुडबुडे चिकटलेले दिसतात. ही वाफ नाही, पाण्यात विरघळलेली हवा आहे. गार पाण्यात वायू जास्त मावतो: ० अंशाला लिटरभर पाण्यात सुमारे १४.६ मिलिग्रॅम ऑक्सिजन, २५ अंशांना ८.३ च्या आसपास. पाणी तापलं की जास्तीचा बाहेर पडतो. हे बुडबुडे निवांत वर येतात, आवाज करत नाहीत.

सूंसूं त्यानंतरची. भांड्याच्या तळाला लागून असलेला पाण्याचा पातळ थर बाकीच्या पाण्याच्या बराच आधी १०० अंशांना पोचतो. तिथे वाफेचा बुडबुडा तयार होतो, सुटतो आणि वरच्या तुलनेनं गार पाण्यात शिरतो. शिरताच आतली वाफ पुन्हा पाणी होते. १०० अंशांना वाफेचं आकारमान तेवढ्याच पाण्याच्या सोळाशे पट असतं, म्हणजे ती विरली की बुडबुडा जवळजवळ शून्य होतो आणि भोवतीचं पाणी त्या पोकळीत आदळतं. असे शेकडो बारीक स्फोट (खरं तर उलटे स्फोट) एकत्र ऐकू येतात ती सूंसूं.

आता तुमचा ‘एकदम मंदावते’ हा भाग. सगळं पाणी उकळबिंदूला आलं की वर जाणाऱ्या बुडबुड्याला थंड पाणी भेटतच नाही. तो न फुटता फुगत फुगत पृष्ठभागापर्यंत येतो आणि तिथे सावकाश फुटतो. म्हणून खरोखर उकळणारं पाणी जाड, खालच्या पट्टीत गुडगुडतं. गॅसकडे न बघता आधण आलं हे कानावरून कळतं ते यामुळेच: आवाज वाढला म्हणजे अजून वेळ आहे, पडला म्हणजे झालं.

दोन जातीचे बुडबुडे वेगळे आहेत याचा पुरावा: तेच पाणी उकळून, झाकून, पूर्ण गार करून लगेच पुन्हा तापवा. हवा आधीच निघून गेल्यामुळे पहिल्या टप्प्यातले चिकटलेले बुडबुडे फारच कमी दिसतात, पण सूंसूं येतेच.

किटली जुनी झाल्यावर जास्त ओरडते अशी तक्रार असते. तळावर क्षारांचा खडबडीत थर बसला की बुडबुडे सुटायला जागाच जागा मिळतात. लिटरभर पाण्यात २० ग्रॅम सायट्रिक ॲसिड टाकून उकळी आणा, २०-३० मिनिटं तसंच ठेवा, ओतून द्या, मग साध्या पाण्याची एक उकळी काढून तीही ओतून द्या. घासणीनं खरवडू नका.

एक धोक्याची सूचना याच विषयातली. बुडबुडा सुरू व्हायला ओरखडा, कण, काहीतरी खडबडीत लागतं. अगदी गुळगुळीत कपात मायक्रोवेव्हमध्ये पाणी तापवलं तर ते १०० अंशांच्या वर जाऊनही शांत दिसू शकतं. मग त्यात चमचा घातला किंवा पावडर टाकली की एका दमात उसळून हात-तोंड भाजतं. तापवण्याआधीच लाकडी काडी किंवा लाकडी चमचा आत उभा ठेवा आणि बंद केल्यावर अर्धा-एक मिनिट हात लावू नका.

चौकस

@आधण, मरताना ओरडतात हे भारी! म्हणजे झाकण ठेवलं किंवा काढलं तर सूंसूंवर काही फरक पडत नाही?

आधण

सूंसूं तळाशीच होते, त्यामुळे तिच्या कारणात फरक नाही. झाकणानं पाणी लवकर तापतं म्हणून तो टप्पा लवकर उरकतो, आणि आवाज थोडा कोंडला जातो. बस.

खर्जातला सा

तिसऱ्या प्रश्नात दोन वेगळी वाद्यं एकाच भांड्यात आहेत, म्हणून उलटं वाटतं.

भरताना वाजते ती पाण्याच्या वरची हवा. सरळ उभ्या पेल्यात हवेचा स्तंभ एका बाजूला बंद (पाणी), दुसऱ्या बाजूला उघडा. त्याचा मूळ सूर म्हणजे हवेतला ध्वनिवेग भागिले स्तंभाच्या उंचीची चौपट. वेग ३४३ मीटर प्रतिसेकंद धरला तर २५ सेंमी हवेला ३४३ हर्ट्झ, १२.५ सेंमीला ६८६, ५ सेंमीला १,७१५. (तोंडाच्या रुंदीमुळे प्रत्यक्ष सूर यापेक्षा किंचित खाली असतो, त्रिज्येच्या ०.६ पट उंची वाढवून हिशोब करावा.) हवा अर्धी झाली की सूर पूर्ण एक सप्तक चढतो. म्हणून सुरुवातीला आवाज सावकाश चढतो आणि काठाजवळ सुसाट पळतो. न बघता पेला भरणारे नेमकं ते शेवटचं पळणं ऐकून हात थांबवतात.

अरुंद मानेच्या फुगीर बाटलीचं गणित वेगळं. तिथे मानेतली हवा वजनासारखी आणि पोटातली हवा स्प्रिंगसारखी वागते. पोटातली हवा अर्धी झाली तर सूर फक्त अर्धं सप्तक चढतो, सप्तकभर चढायला ती पाव व्हावी लागते. एकाच धारेखाली उंच पेला आणि फुगीर बाटली पाठोपाठ भरा, चढण्याची चाल वेगळी आहे हे लगेच कळेल.

चमच्यानं वाजवता तेव्हा हवा नाही, काचेची भिंत वाजते. तिला पाणी चिकटलेलं असलं की हलवायचं वजन वाढतं आणि सूर उतरतो. जलतरंगात जास्त भरलेला वाडगा खालचा सूर देतो तो याच हिशोबानं. इथे एक गंमत आहे: तळाकडची भिंत फारशी हलतच नाही, त्यामुळे पेला तळापासून अर्धा भरेपर्यंत सूर जेमतेम हलतो, आणि वरच्या अर्ध्या भागात भराभर उतरतो. एकाच बाटलीच्या तोंडावर फुंकर मारून आणि मग तिला टिचकी देऊन बघा. पाणी वाढवत गेलात तर फुंकरीचा सूर चढेल, टिचकीचा उतरेल.

आता यापुढचं, जे तुम्ही विचारलं नाहीत पण मला सगळ्यात आवडतं. सरळ भिंतीचा जाड मग घ्या. त्यात गरम पाणी ओता, कॉफी किंवा कोको पावडर टाकून जोरात ढवळा. ढवळणं थांबवा आणि लगेच चमच्याच्या टोकानं मगच्या तळावर आतून टकटक करत राहा, एका लयीत. सूर अगदी खालून सुरू होतो आणि मिनिटभरात चढत जातो. पुन्हा ढवळलं की पुन्हा खाली. फ्रँक क्रॉफर्ड यांनी १९८२ मध्ये याचं विश्लेषण छापलं, त्यात सूर तीन सप्तकांपर्यंत फिरू शकतो असं दिसतं.

इथे वाजतो तो पाण्याचा स्तंभ. पाण्यात ध्वनिवेग सुमारे १,४८० मीटर प्रतिसेकंद. १० सेंमी पाण्याला चौपटीच्या हिशोबानं ३,७०० हर्ट्झ येतात. पण पावडर आणि ढवळण्यामुळे पाणी सूक्ष्म बुडबुड्यांनी भरतं. असं मिश्रण वजनाला पाण्याइतकं जड, पण दाबलं तर हवेसारखं मऊ. त्यामुळे ध्वनिवेग पाण्यापेक्षाच नाही, हवेपेक्षाही खाली जातो. आकारमानानं १ टक्का हवा असेल तर जेमतेम १२० मीटर प्रतिसेकंद! तीन सप्तकं उतरायला तर अर्ध्या टक्क्याहूनही कमी हवा पुरते. बुडबुडे वर येऊन निघून जातात तसा वेग पूर्वपदावर येतो आणि सूर चढतो.

जमत नसेल तर बहुधा यातलं एक चुकतंय: मगच्या काठावर वाजवताय (मग फक्त चिनी मातीचा सूर ऐकू येतो), मग खाली निमुळता आहे, किंवा ढवळून झाल्यावर फार वेळ घालवलात. पावडर नसेल तर चमचाभर बारीक मीठही चालतं, पण तेव्हा पाणी खूप वेळ उकळलेलं नको, कारण मिठाच्या दाण्यांभोवती सुटायला पाण्यात विरघळलेली हवा शिल्लक असावी लागते.

पाना आणि वायसर

वर सगळे हवेचं कौतुक करतायत. चौथा प्रश्न बरोबर उलटा आहे: हवा नसते म्हणून ठोका बसतो.

पाइपातलं पाणी म्हणजे एक लांब, जड, जवळपास न दबणारा दांडा. तो १ मीटर प्रतिसेकंद वेगानं चालला असताना झडप एकदम बंद केली तर थांबण्याचा धक्का दाबलहर बनून मागे पळतो. लोखंडी पाइपात या लहरीचा वेग १,२०० मीटर प्रतिसेकंदाच्या आसपास असतो, आणि दाब क्षणभर सुमारे १२ बारनं वाढतो. तुलनेसाठी, १० मीटर उंचीवरच्या टाकीचा दाब १ बार. धप्प हा आवाज पाण्याचा नाही, त्या धक्क्यानं पाइप भिंतीवर किंवा सैल क्लॅम्पवर आपटल्याचा आहे. प्लॅस्टिकचा पाइप भिंतीनं लवचीक असल्यामुळे त्यात लहर सावकाश जाते आणि धक्का सौम्य बसतो.

सगळी गोम ‘एकदम’ मध्ये आहे. १५ मीटर लांबीच्या पाइपात लहर जाऊन परत यायला २५ मिलिसेकंद लागतात. त्याच्या आत नळ बंद झाला तर पूर्ण १२ बारचा फटका. तोच नळ अर्ध्या सेकंदात, एकसारखा वेग कमी करत बंद केला तर वाढ ०.३ बारच्या आसपास. म्हणून चाव्या फिरवून बंद होणारे जुने नळ सहसा ठोकत नाहीत, पाव फेऱ्याचे आणि दांडीचे ठोकतात. सगळ्यात वाईट वॉशिंग मशीनची विजेवर चालणारी झडप, तिला सावकाश माहीतच नाही.

उपाय याच क्रमानं करा. आधी उघड्यावर दिसणारे क्लॅम्प तपासा, सैल असतील तर घट्ट करा, पाइप आणि क्लॅम्पमध्ये रबराची पट्टी घाला. मग त्या फाट्याचा स्टॉपकॉक थोडा आवळा. प्रवाहाचा वेग अर्धा झाला की ठोकाही अर्धा होतो. त्यानंही भागलं नाही तर मशीनच्या झडपेच्या जवळात जवळ धक्काशोषक बसवून घ्या. लांब बसवला तर निम्मा उपयोग जातो.

ठोका वेगळा आणि नळ अर्धवट उघडल्यावर येणारी शिट्टी किंवा थडथड वेगळी. ती बहुतेक वेळा सैल वायसरची. वायसर पाण्याच्या धारेत फडफडतो.

आणि @बुडबुडा, साबण-दोरा ठीक आहे, पण नळ दुरुस्त करा की! किती वाया जातंय ते आधी मोजा: १० मिनिटं मापाच्या पेल्यात थेंब जमवा आणि १४४ नं गुणा, तो दिवसाचा आकडा. १० मिनिटांत ५० मिली म्हणजे दिवसाला ७.२ लिटर.

जुन्या पद्धतीच्या नळाला: मुख्य कॉक बंद करा, नळ उघडून उरलेलं पाणी जाऊ द्या, सिंकच्या भोकावर फडकं टाका (छोटा स्क्रू तिथेच पडतो, दरवेळी). चावी काढा, खालचा षटकोनी नट पान्यानं डावीकडे फिरवून अख्खा वरचा भाग बाहेर घ्या. तळाचा वायसर तेवढ्याच मापाचा नवा घाला. परत बसवण्याआधी आत बोट घालून वायसर जिथे टेकतो ती पितळेची कड चाचपा. तिथे खाच लागली तर नवा वायसरही लवकरच कापला जाईल, कड घासून घ्यावी लागेल. नळ गळतो म्हणून चावी आणखी आवळत राहणं हा सगळ्यात मोठा घोळ. त्यानंच वायसर चिरतो.

पाव फेऱ्याच्या नळात वायसर नसतो, दोन सिरॅमिक चकत्या एकमेकींवर सरकतात. मध्ये वाळूचा कण अडकला की गळती. आतलं कार्ट्रिज काढून स्वच्छ धुवा, चकतीवर चरा दिसला तर पूर्ण कार्ट्रिज बदला.

बुडबुडा

@पाना आणि वायसर, मान्य, ‘तात्पुरता’ लिहिलंच होतं. ☺

मधल्या मध्ये एक राहिलं. उथळ पाण्याला खळखळाट फार, हे भौतिकशास्त्रालाही मंजूर आहे. ओढ्याचं उथळ पाणी दगडांवरून घसरताना पृष्ठभाग फाटतो, हवा आत ओढली जाते, वेगवेगळ्या आकाराचे असंख्य बुडबुडे आपापल्या सुरात वाजतात. तेच पाणी दगडांवरून दोन हात वाढलं की पृष्ठभाग सलग राहतो, हवा आत जात नाही, आणि कितीतरी पट जास्त पाणी गुपचूप वाहतं.

चौकस

चारही मिळाले, आभार. शेवटचं एक: पाणी गेलेलं असताना परत आलं की नळ खोकतो, थुंकतो. तो ठोका की बुडबुडे?

पाना आणि वायसर

दोन्ही. रिकाम्या पाइपात हवा भरलेली असते, पाणी तिला पुढे ढकलत येतं. हवा तोंडातून सहज निसटते आणि तिच्यामागचा पाण्याचा गोळा वेगानं येऊन अरुंद तोंडावर आदळतो. पाणी आल्याचा आवाज आला की नळ पूर्ण उघडू नका, थोडासाच उघडा आणि खोकणं थांबेपर्यंत तसाच ठेवा. तोंडाला जाळी असेल तर आधी फिरवून काढून घ्या, पाइपातला गाळ पहिल्या धारेबरोबर येतो आणि जाळी तुंबते. गिझरचा आणि मशीनचा कॉक त्यानंतरच उघडा.

भिंतीत हवेची कुपी (टोकाला बंद केलेला उभा पाइपाचा तुकडा) बसवलेली असून ठोके पुन्हा सुरू झाले असतील तर तिच्यातली हवा हळूहळू पाण्यात विरघळून गेली आहे. मुख्य कॉक बंद करा, सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा नळ उघडून पाइप पूर्ण रिकामा होऊ द्या, मग खालचा बंद करा आणि मुख्य कॉक सावकाश उघडा. वरच्या नळाला सलग धार आली की तोही बंद करा. कुपी पुन्हा हवेनं भरलेली असेल.